उलटं सूप आणि कल्याणला गेलेला फोन

शालूकाकू साटम अख्ख्या सोसायटीतल्या बायका कुठे जातात, कुठे थांबतात, कुणाकडे किती वेळ बसतात ते घरबसल्या कॉम्प्युटरवर बघतात, ही बातमी डोंबिवली पूर्वेच्या मंदार सोसायटीत श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात पसरली. पसरवली कलावतीकाकूंनी. त्या साटमांकडे डाळीची वाटी परत करायला गेल्या आणि त्यांना दारातूनच दिसलं, की टेबलावर लॅपटॉप आहे, पडदा काळा कुळकुळीत आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर पळतायत आणि शालूकाकू चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवतायत.

"मी विचारलं ना तिला, काय गं करतेस," कलावतीकाकू जिन्यात सांगत होत्या. गुपित सांगताना त्या आवाज असा काही खाली आणतात, की तो वरच्या दोन मजल्यांवर स्वच्छ ऐकू जातो. "तर म्हणते, कोण कुठे गेलेलं ते काढतेय. अस्सं. तोंडावर म्हणाली."

त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई पार्लरला जाताना फोन घरी ठेवू लागल्या. दुसऱ्या एकींनी बाहेर पडताना नवऱ्याचा फोन नेला. सापडलाच तर तो सापडेल. शालूकाकू लिफ्टमध्ये शिरल्या की आतल्या बायका फोन पर्समध्ये खोल ढकलत, जसं काही काकू वासावरून ओळखणार.

खरी गोष्ट एवढीच होती, की शालूकाकू एकाच बाईच्या मागावर होत्या आणि ती बाई त्या स्वतःच होत्या. फाइल त्यांच्याच फोनची, नकाशा त्यांचाच, आणि 'कोण कुठे गेलेलं' यातलं 'कोण' म्हणजे शालिनी साटम. आपण कल्याणला गेलो नव्हतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. नाही देता आलं, तर श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी त्यांच्या हातात सूप असणार नव्हतं.

अफवा चुकीची होती, पण ती लोकांना लगेच पटली यात लोकांचा दोष नाही. शालूकाकूंचा स्वभावच तसा. दुधाची पिशवी हुंगल्याशिवाय फोडायची नाही. मेथीची जुडी घेताना मधली काडी उपसून बघायची, कारण बाहेरून हिरवं कुणीही दाखवतं. कुरियरवाला दारात आला तर आधी त्यालाच प्रश्न, "कुणाकडून आलंय ते तू सांग, मग मी सही करते." लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा विचारलं होतं, "तू खाल्लीस का?" आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच: "कुणाचं काही सांगता येत नाही."

यातला काही भाग नोकरीचा. काकू ठाण्याला नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करतात, निम्मं आयुष्य त्यात गेलं. तिथे एक टिंब इकडचं तिकडे झालं, की धडधाकट माणूस कागदावर मरायला टेकतो. म्हणून काकू प्रत्येक आकडा एकदा डावीकडून वाचतात आणि एकदा उजवीकडून. घरी विजेचं बिलसुद्धा तसंच वाचतात. हे लिहिणारी त्यांच्या समोरच्या दारात राहते आणि त्यांची नक्कल करते, दूध हुंगण्याच्या आवाजासकट. काकूंना ते माहीत आहे. "नाकाचा आवाज जास्त काढतेस," एवढीच त्यांची दुरुस्ती.

तर सूप. डोंबिवलीत गल्लोगल्ली मंगळागौरीचे ग्रुप आहेत. श्रावण लागला, की नोकरी-चुलीतून वेळ काढून बायका नऊवारी नेसतात आणि हॉल-हॉलमधून फुगड्या, झिम्मा, लाटणी, घागरी करत फिरतात. मंदारच्या आणि शेजारच्या सोसायट्यांमधल्या बायकांचा ग्रुप 'झुळूक'. सूप-फुगडी सगळेच ग्रुप करतात: दोघी समोरासमोर, हातात सुपं, ठेक्यावर आपटत गिरक्या. झुळूकनं यंदा त्यात एक खोडी काढली होती. गिरकीच्या ऐन भरात पहिल्या बाईनं सूप डोक्यावरून मागे उलटं भिरकवायचं, वळून बघायचं नाही, आणि मागच्या बाईनं ते गाणं न सोडता झेलायचं. याला नाव 'उलटं सूप'. फेकणार शालूकाकू, झेलणार ग्रुपच्या प्रमुख देवयानीताई फणसळकर. खिडक्या लावून सराव चालायचा. दारावर पोळीवाल्या मावशी आल्या तरी सुपं पाटाखाली जायची.

पहिल्या मंगळवारी झुळूकचा ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. त्यात उलटं सूप मुद्दामच दाखवलं नाही, ते स्पर्धेसाठी राखून ठेवलं होतं. रविवारी कल्याणला स्पर्धेची पहिली फेरी. तिथे झुळूकच्या आधी कल्याणचाच एक तरण्या मुलींचा ग्रुप स्टेजवर आला, आणि गिरकीच्या ऐन भरात त्यांच्यातल्या एकीनं सूप डोक्यावरून मागे भिरकावलं. मागचीनं झेललं. हॉल उठून उभा राहिला. मग झुळूकच्या बायकांनी तेच केलं, तेव्हा दुसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अय्या, यांनी कॉपी केली."

दोन्ही ग्रुप शेवटच्या फेरीत गेले खरे. पण पुढच्या सरावाला हॉलमध्ये कुणी चटई उलगडली नाही.

"आपल्यातूनच गेलंय बाहेर," कलावतीकाकू म्हणाल्या. "मी नाव नाही घेत कुणाचं."

"कल्याणला कोणाचं कोण आहे पण?" समीक्षानं विचारलं. ती ग्रुपमध्ये सगळ्यात लहान, बँकेत असते आणि सरळच विचारते.

सगळ्यांनी फक्त शालूकाकूंकडे पाहिलं.

"माझी बहीण राहते," काकू म्हणाल्या. "गुडघे गेलेत तिचे. ती जमिनीवर बसत नाही, सूप काय फेकणार?"

"तसं नाही गं शालू," कलावतीकाकू म्हणाल्या. "पण तूच म्हणतेस ना, कुणाचं काही सांगता येत नाही."

हे इतकं शालूकाकूंच्याच आवाजात म्हटलं गेलं, की दोघी-तिघी हसल्या. देवयानीताई हसल्या नाहीत. शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या बाई, वाक्य पूर्ण करून बोलणाऱ्या. त्या खाली मान घालून सुपाची सुटलेली बांधणी आवळत होत्या. तशाच म्हणाल्या, "शालू, शेवटच्या फेरीला तू जरा बाजूला बस. मनं स्वच्छ झाली की पुन्हा ये."

"कुणाची मनं?"

"सगळ्यांची."

काकू उठल्या. "मी कुठे जाते, कुठे येते, सगळं माझ्या फोनात साठतं. नीलनं चालू करून ठेवलंय. ते काढून आणते. मग बसवा कुणाला बसवायचं ते."

"कशाला फोनबिन," देवयानीताई सुपाकडे बघत म्हणाल्या.

नील म्हणजे काकूंचा मुलगा. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोनमधून फाइल तर निघाली, पण ती उघडली की नुसता आकड्यांचा चिवडा. त्याचा नकाशा करायचा कसा? तसं करून देणाऱ्या वेबसाइट्स होत्या. 'तुमची फाइल इथे टाका' असं त्या गोड लिहीत होत्या. काकूंनी ते वाचूनच लॅपटॉप मिटला.

"मी कुठे-कुठे जाते ते कुणा परक्याला द्यायचं? त्यापेक्षा दारावर पाटीच लावते."

नीलकडे कॉलेजात असताना केलेली एक छोटी स्क्रिप्ट होती. काळ्या विंडोत एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, आपल्याच लॅपटॉपवर नकाशाची फाइल तयार. त्यानं ती मेलनं पाठवली.

"ही स्क्रिप्ट माहिती कुठे पाठवते?" काकूंनी फोनवर विचारलं.

"कुठेच नाही पाठवत, आई."

"तुला काय माहीत?"

"मी लिहिलीये."

"सगळी?"

"अर्धी मित्राची आहे."

"मग." काकूंनी उठून वायफायच्या डब्याचा प्लगच उपटला.

ओळ लिहिली. एंटर. काळ्या विंडोत भराभर काहीतरी उमटलं आणि शेवटी एक ओळ राहिली: की-एरर, लोकेशन्स.

"ती म्हणतेय लोकेशन्स सापडत नाही."

"फाइल अर्धवट उतरली असेल. परत काढ."

परत काढली. तीच ओळ. "तू कमांड नीट नाही लिहिली," नील म्हणाला. पलीकडे त्याची मीटिंग चालली होती आणि तो कुजबुजत होता. काकूंनी कमांड डावीकडून वाचली, उजवीकडून वाचली. मग त्यांनी मुलाचंही ऐकलं नाही आणि मूळ फाइलच उघडली. स्क्रिप्ट ज्या नावाचा कप्पा शोधत होती, त्या नावाचा कप्पा त्या फाइलीत नव्हताच. कप्पे होते, पण वेगळ्या नावांचे.

"नील, हे तर दुसरंच लेबल आहे रे बाटलीवर."

"अरे हो," नील म्हणाला. "फोनवाल्यांनी मधे फॉरमॅट बदललाय. माझी स्क्रिप्ट जुन्याची आहे."

"हे आधी सांगायचं."

"विसरलो."

"तेच मी म्हणते, कुणाचं काही—"

"कळलं, आई."

त्यानं दुरुस्त करून पाठवली. ती नव्या फाइलीतल्या पहिल्याच आकड्याला अडली. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. प्रत्येक आकड्याच्या शेपटाला एक बारीक गोल चिकटला होता, तापाच्या आकड्याला असतो तसा. स्क्रिप्टला नुसता आकडा हवा होता. तो गोल काढायची सोय केल्यावर ती सुरळीत धावली आणि नकाशा उमटला. काकू आफ्रिकेशेजारच्या समुद्रात होत्या. घर, लॅब, टेंभी नाका, सगळं एकाच ठिपक्यात, पाण्यात.

"टिंब दोनदा दिलंय रे कुणीतरी," काकू म्हणाल्या. रिपोर्टात असं झालं की काय होतं, ते त्यांना पाठ होतं. जुन्या फाइलीत आकडे टिंबाशिवाय असायचे, म्हणून स्क्रिप्ट त्यांना एक कोटीनं भागायची. नव्या फाइलीत टिंब आधीच होतं, तरी ही भागतच होती. भागाकार काढला. काकू आफ्रिकेतून निघाल्या आणि नॉर्वेच्याही वरच्या समुद्रात जाऊन पडल्या.

"तिथे थंडी असेल," समोरच्या दारातून गंमत बघायला आलेली, हे लिहिणारी म्हणाली.

"तू गप्प बस. नील, आता काय?"

"अक्षांश-रेखांश उलटे पडले. आकड्यांची अदलाबदल करतो."

संध्याकाळी ठिपके डोंबिवलीत आले. कुणीही म्हटलं असतं, झालं. काकू म्हणाल्या, "थांब." लॅबमध्ये मशीन पेशंटचं रक्त लगेच तपासत नाही. आधी एक नमुना घालतात, ज्याचं उत्तर माहीत असतं. तो बरोबर आला तर मशीन शहाणं. काकूंनी असा एक दिवस निवडला, साधा सोमवार, दिवसभर लॅबमध्ये, संध्याकाळी घर. तो नकाशावर काढला. रस्ता बरोबर. नौपाडा बरोबर. पण वेळ?

"नील, मी पहाटे साडेचारला लॅबमध्ये काय करत होते?"

"काय?"

"लॅबचं शटर दहाला उघडतं. मी साडेचारला आत आहे असं दाखवतंय. चोर समजून धरतील मला."

पलीकडे टकटक ऐकू आली. "ते ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे येतंय. साडेपाच तास मागे."

"मी राहते कुठे?"

ही सगळी झटापट चालली होती, त्यातल्याच एका दुपारी कलावतीकाकू डाळीची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि पुढचं सगळं झालं.

घड्याळ जुळलं. सोमवार आता दहाचा दहाला लागला. नमुना बरोबर आला म्हणजे मशीन शहाणं, असं म्हणून काकूंनी तो पहिला मंगळवार काढला, कारण पहिल्या फेरीच्या आधी उलटं सूप बाहेर जायला तेवढाच आठवडा होता. दुपार: टेंभी नाका, हॉल. बरोबर. संध्याकाळ: कल्याण. त्या मुलींच्या ग्रुपचा सराव जिथे चालतो, त्या शाळेच्या दारात ठिपका चांगला गुळाच्या ढेपेसारखा बसला होता. आणि रात्री परत डोंबिवलीत, घराच्या गल्लीत.

काकूंनी लॅपटॉप मिटला. परत उघडला. ठिपका तिथेच.

"आई, आता स्क्रिप्टचा दोष नाही गं," नील म्हणाला. तो पहिल्यांदाच मीटिंगमध्ये नसल्यासारखा बोलत होता. "तूच बघितलंस ना, सोमवार बरोबर आला."

त्या दिवशी काकूंनी दुधाची पिशवी न हुंगता फोडली. आयुष्यभर साऱ्या जगावर संशय घेतला, त्यात एक बाई घ्यायची राहून गेली होती. आपण गेलो होतो का? गेलो आणि विसरलो? लॅबमध्ये असे लोक रोज येतात, चाचणी कसली करायची तेच आठवत नाही म्हणणारे. त्यांनी समीक्षाला फोन लावला.

"त्या मंगळवारी ठाण्याहून आपण दोघी बरोबर आलो ना गं, गाडीनं?"

"हो काकू. तुम्ही मला खिडकी दिलेली नाहीत."

"नक्की मीच होते?"

"दुसरं कोण कंडक्टरसारखं माझ्या पर्सची चेन तपासतं?"

म्हणजे बाई गाडीनं घरी, आणि फोन कल्याणला. काकू नकाशाला नाक लावून बसल्या. ठिपक्यांच्या मधली रेघ डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. मग मनात पाल चुकचुकली. रेघ रुळावरून जातच नव्हती. ठाण्याहून मुंब्र्याचा बायपास, तिथून शीळफाटा, आणि तसंच पुढे कल्याण. रेल्वे काही शीळफाट्याला जात नाही. त्या रस्त्यानं जातो टेम्पो.

नऊवारीला खिसा नसतो. म्हणून कार्यक्रमाआधी सगळ्यांचे फोन देवयानीताईंच्या खणाच्या पिशवीत जातात आणि संपल्यावर जिचे तिला मिळतात. शालूकाकू तेवढ्या ठाण्याहून येताना आपला फोन पिशवीतच राहू देतात. स्टेशनात फोन मारतात, कुणाचं काही सांगता येत नाही. त्यापेक्षा पिशवी बरी, ती सुपा-लाटण्यांच्या सामानाबरोबर सूरजच्या टेम्पोतून येते, देवयानीताईंच्या मांडीवर. ताई याच गल्लीत राहतात. सकाळी देवळात जाता जाता त्या फोन देऊन जातात. जगातल्या सगळ्या चोरांपासून वाचवलेला तो फोन त्या मंगळवारी कुठून कुठे गेला, हे काकूंनी कधी विचारलंच नव्हतं.

काकूंनी लगेच कुणावर आळ घेतला नाही. टेम्पोत सूरजही होताच. घरडा सर्कलजवळ तो टेम्पो पुसत होता, तिथे त्या भाजीची पिशवी घेऊन सहज उभ्या राहिल्या.

"सूरज, त्या ठाण्याच्या मंगळवारी येताना ट्रॅफिक होतं का रे?"

"काकी, ट्रॅफिक कधी नसतं?"

"मग कल्याणला पोचायला उशीर झाला असेल."

"झाला तर. वर ताई बोलल्या, दहा मिनिटं थांब. दहा मिनिटं बोलून पूर्ण शाम घेतली माझी. दोन सुपं घेऊन आत गेलेल्या. आतून टाळ्याबिळ्या, शिट्ट्या." तो फडकं पिळता पिळता थांबला. "पण तुम्हाला ठाऊक असेल ना. तुम्ही नव्हत्या का सोबत?"

"माझा फोन होता," काकू म्हणाल्या.

परत येताना त्या जिन्यातच भेटल्या आणि हे लिहिणारीला त्यांनी सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चौथा मजला चढवेना. ऐकणारीला इतका आनंद झाला, की ती पायरीवर बसली.

"आता टाका नकाशा ग्रुपवर. वर लिहा, मनं स्वच्छ झाली का."

"नाही. फक्त ताईंना दाखवते. बाकीच्यांना ताई स्वतः सांगतील."

"ताई? स्वतः? काकू, तुम्ही दूधवाल्यावर विश्वास ठेवत नाही."

"दूधवाल्यानं माझं सूप कधी झेललंय? मी मागे न बघता फेकते. सरावात एकदाही खाली पडलेलं नाही."

"सूप वेगळं. सगळ्या बायकांसमोर, कलावतीकाकूंसमोर? कध्धी नाही. पैज."

काकूंनी पैजेच्या अटीसुद्धा तपासून घेतल्या. ताईंनी नाही सांगितलं, तर सोसायटीच्या गणपतीत काकूंची नक्कल स्टेजवर, माइकवर, नाकाच्या आवाजासकट, आणि काकू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. ताईंनी सांगितलं, तर शेवटच्या फेरीला फोनची पिशवी हे लिहिणारीनं सांभाळायची, आणि गणपती बसेपर्यंत तोंडातून दुसऱ्या कुणाचाही आवाज काढायचा नाही.

"कुणाचाही म्हणजे?"

"स्वतःचा काढ. कसा आहे ते तरी कळेल."

देवयानीताईंच्या घरी काकू दुपारी गेल्या. दार उघडताच त्यांची नजर भिंतीवर गेली. तसबिरी उतरवल्या होत्या आणि त्यांच्या जागी रंगाचे उजळ चौकोन राहिले होते. कपबश्या पेपरात गुंडाळलेल्या. काकूंनी काही विचारलं नाही. नकाशाचा छापलेला कागद टेबलावर ठेवला. ताईंनी तो बराच वेळ पाहिला.

"हे काय आहे?"

"माझा फोन. तुमच्या मांडीवरचा."

ताईंनी चष्मा काढला. "मुलानं कल्याणला घर घेतलंय, शालू. दिवाळीनंतर आम्ही तिकडे जाणार, थोडंथोडं सामान आतापासूनच जातंय. इथे सरावाला येणं मला जमणार नाही. तुम्हाला सांगायचं कसं, तेच सुचत नव्हतं. म्हटलं, आधी तिकडे कुठे शिरकाव होतो का बघावं. म्हणून त्या मुलींकडे गेले."

"मग?"

"त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही बसून गाणी म्हणा." ताईंनी हे त्या मुलींच्या लाडिक सुरात म्हटलं, आणि तो सूर त्यांच्या शाळेतल्या आवाजात इतका विचित्र वाटला, की काकूंना हसू येता येता राहिलं. "बसून. मी सूप उचललं. एकदाच फेकलं, त्यांच्यातल्या एकीला झेलायला सांगून. हात ऐकेना माझा. त्यांनी एकदा बघून उचललंसुद्धा."

"व्हिडिओ काढला असणार," काकू म्हणाल्या.

"तेही माझ्या मनात आलं नाही. पहिल्या फेरीला स्टेजवर जाईपर्यंत मी मेकअपच्या खोलीतून बाहेर पडत नव्हते ते त्यासाठीच. त्या मला ओळखतील म्हणून."

"आणि मला बाजूला बसवलंत."

खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी वाद घालत होतं, ते दोघींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"सगळ्या तुझ्याकडेच बघत होत्या," ताई शेवटी म्हणाल्या. "मला काही बोलावंच लागलं नाही. ते फार सोपं होतं गं."

काकू उठल्या. "कागद तुमच्याकडे राहू दे. मी कुणाला दाखवलेला नाही. शनिवारी सराव आहे."

जिन्यात भेटलेल्या मुलीला सांगितलं होतं, हे त्यांनी वगळलं.

शनिवारी काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. हे लिहिणारी दाराशी, पैजेची साक्षीदार आणि वाटेकरी अशी दोन्ही. ताई आल्या, चप्पल काढली, पदर खोचला. "झिम्मा," म्हणाल्या. झिम्मा झाला. "लाटणी." लाटणी झाली. ताईंनी सगळ्यांचे पाय तपासले, समीक्षाला ठेक्यावरून बोलल्या, पाणी प्यायल्या. घागरीही झाल्या. दाराशी बसलेलीनं मनात गणपतीचा माइक हातात घेतला होता.

"सूप," ताई म्हणाल्या. "शालू, उठ. पहिलं सूप तुझं."

"ताई, पण तिचं अजून ते..." कलावतीकाकू म्हणाल्या.

"कल्याणला मी गेले होते. उलटं सूप मी दाखवलं. शालूचा त्यात काही संबंध नव्हता, आणि हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. दिवाळीनंतर मी इथे नसेन, तेव्हा पुढच्या वर्षी मागे कोण उभं राहणार, ते तुम्ही आपापसांत ठरवा." त्यांनी हे हजेरी घेतल्याच्या आवाजात सांगितलं. मग गाण्याची पहिली ओळ धरली.

कुणी दुसरी ओळ उचलली नाही. मग कलावतीकाकू आवाज खाली आणून, म्हणजे दोन मजले ऐकू जाईल असा, म्हणाल्या, "मला वाटलेलंच."

शालूकाकू उठल्या. सूप हातात घेतलं, काठ तपासला, उलटं करून बांधणी तपासली, एका बोटानं वाजवून पाहिलं. मग गिरकी घेतली आणि न बघता मागे भिरकावलं. मागे चट असा आवाज आला. तेव्हा कुठे बाकीच्यांना गाणं आठवलं.

शेवटच्या फेरीत झुळूकचा नंबर दुसरा आला. पहिल्या आल्या त्या कल्याणच्या मुली, आणि बक्षीस घेऊन उतरताच त्या "आजी" करत देवयानीताईंच्या पाया पडल्या. परीक्षकांपैकी एक बाई कल्याणच्याच सुनेसारख्या दिसतात, असं शालूकाकूंचं मत आहे.

हे लिहिणारीला यातलं फारसं बघता आलं नाही. ती तिसऱ्या रांगेत कडेला खणाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत कलावतीकाकूंची आरती वाजत होती, समीक्षाच्या बँकेतून कुणीतरी सारखं मेसेज करत होतं, आणि शेजारच्या बाई वळून "बंद करा ना ते" असं इतक्या सुंदर, किनऱ्या आवाजात म्हणाल्या, की तो आवाज घशाशी आला आणि गिळावा लागला. गणपतीला अजून आठवडा होता.

कार्यक्रम संपल्यावर काकू घामानं थबथबून आल्या. पिशवी घेतली. एकेक फोन काढून पाहिला, आपला दोन्ही बाजूंनी.

"पूर्ण वेळ इथेच बसलेलीस?"

"हो."

"खाली वडापाव खायला गेली नाहीस?"

"नाही, काकू."

काकूंनी फोन कमरेला खोचला. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या काळ्या विंडोत बघते."